फेस्ताचा जमाखर्च : गोव्याच्या कॉन्फ्रारियांचा इतिहास आणि त्याचे लेखक

कॅथलिक चर्चचा इतिहास म्हटला की बिशप, मिशनरी, संत आणि इन्क्विझिशन एवढीच पात्रे रंगमंचावर येतात. लिहिणारे बहुतेक धर्मगुरू, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे तेही धर्मगुरूच. प्रापंचिक माणूस या कथेत जमाव म्हणून वावरतो. तो बाप्तिस्मा घेतो, मिस्सेला बसतो, क्वचित दगड उचलतो. आपल्या मराठीत तर गोव्याच्या ख्रिस्ती समाजाबद्दलचे लेखन दोन खुंट्यांना टांगलेले आहे. एक फादर स्टीफन्सचे १६१६ चे 'ख्रिस्तपुराण' आणि दुसरी अ. का. प्रियोळकरांनी ज्याचा पाठपुरावा केला ते इन्क्विझिशन. या दोन खुंट्यांच्या पलीकडे, चार शतकांत, त्याच प्रापंचिक माणसांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या, त्यांच्या निवडणुका लढवल्या, पैसा जमवला, तो व्याजाने लावला, एकमेकांवर दावे ठोकले आणि मेलेल्यांना सन्मानाने पुरले. या संघटना म्हणजे कॉन्फ्रारिया. त्यांच्यावर बरेच लिहिले गेले आहे, पण बहुतांशी चुकीच्या कागदांच्या आधारे, असे माझे मत आहे. नियमावली आणि मिशनऱ्यांची पत्रे बाजूला ठेवून जमाखर्चाच्या वह्या पुढ्यात घेतल्या, तर कॉन्फ्रारिया लिस्बनच्या जितकी जवळ दिसते तितकीच गावकरी (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) आणि देवस्थानच्या महाजनीच्याही (कारभारी मंडळाच्याही) जवळ दिसते. आजवरच्या अभ्यासाचा हा आढावा त्या अंगाने घेतला आहे.

आधी वस्तू काय ते पाहू. मध्ययुगीन युरोपात गावोगाव आणि धंद्याधंद्यात प्रापंचिकांचे बंधुसंघ होते. एखाद्या संताच्या नावाने लोक एकत्र यायचे, वर्गणी काढायची, वेदीवर दिवा तेवत ठेवायचा, सणाला मिरवणूक काढायची, सभासद वारला की त्याच्या अंत्ययात्रेला सगळ्यांनी जायचे आणि त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायच्या. गोव्यात आजही फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, दिवशी पांढऱ्या झग्यावर रंगीत आखूड खांदेवस्त्र घालून, हातात मेणबत्ती धरून दोन ओळींत चालणारी मंडळी दिसतात. तो झगा म्हणजे ओपा, वरचे वस्त्र म्हणजे मुर्सा. एरवी शर्ट-पँटीत वावरणारा शेतकरी, खलाशी किंवा वकील त्या वेषात चालला की गावाला कळते, हा कोणत्या कॉन्फ्रारियाचा. आणि पुष्कळ गावांत, निदान परवापरवापर्यंत, मुर्साच्या रंगावरून त्याची जातही कळत असे. देवळाच्या पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून ज्यांच्या गावात हाणामाऱ्या झाल्या आहेत, त्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

या सगळ्या संघांत ज्येष्ठ आणि श्रीमंत तो मिझेरिकॉर्दिया, म्हणजे दयेचा बंधुसंघ. राणी लिओनोर हिने १४९८ मध्ये लिस्बनला तो स्थापला, वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच वर्षी. दयेची चौदा कृत्ये, सात शरीराची आणि सात आत्म्याची, हे त्याचे व्रत. कैद्यांना जेवण, रोग्यांना औषध, अनाथ मुलींना हुंडा, फासावर गेलेल्याला माती. कारभार तेरा जणांच्या मंडळाकडे, त्यांचा मुख्य प्रोव्हेदोर, आणि निवडणूक दरवर्षी जुलैच्या आरंभी, मरिया एलिझाबेथच्या भेटीला गेली त्या सणाला. सभासदांत वरच्या दर्जाचे सरदार आणि खालच्या दर्जाचे कारागीर अशी उघड विभागणी होती. लिस्बनच्या १६१८ च्या नियमावलीने तर दोन्हीकडचे आकडेच ठरवून दिले, तीनशे आणि तीनशे. सभासदाचे रक्त 'शुद्ध' हवे, म्हणजे घराण्यात ज्यू किंवा मुसलमान पूर्वज नको, अशीही अट होती. पोर्तुगीज जिथे गेले तिथे हा संघ गेला. गोव्यात सोळाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच तो आला. कोची, चौल, दमण, दीव, १५६९ मध्ये मकाव. वसईच्या किल्ल्यातल्या मिझेरिकॉर्दियाची नोंद जर्सन द कुन्हा यांच्या चौल-वसईवरच्या १८७६ च्या ग्रंथात मिळते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथली पोर्तुगीज वस्तीच उठली.

गोव्याच्या या मिझेरिकॉर्दियाचा पहिला भरभक्कम इतिहास ज. फ. फेरेइरा मार्तिन्स यांनी तीन खंडांत लिहिला, नोव्हा गोव्यात, १९१० ते १९१४ या काळात. तो आजही टाळता येत नाही, कारण त्यात मूळ कागद जसेच्या तसे छापले आहेत. मात्र ती रचना संस्थेच्या आतून केलेली आहे. प्रोव्हेदोरांची यादी, सनदा, देणग्या, इमारती. संस्थेने काय करायचे ठरवले होते ते यात सापडते, आणि काय केले ते शोधत बसावे लागते. पन्नास वर्षांनी चार्ल्स बॉक्सर यांनी गोवा, मकाव, बाहिया आणि लुआंडा इथल्या नगरपालिकांवर १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की ब्राझीलपासून मकावपर्यंत पोर्तुगीज समाज नगरपालिका आणि मिझेरिकॉर्दिया या दोन खांबांवर उभा होता. व्हाइसरॉय आला-गेला, बिशप बदलले, हे खांब राहिले. १९६८ मध्ये रसेल-वुड यांचे बाहियाच्या मिझेरिकॉर्दियावरचे पुस्तक आले आणि या विषयाला शिस्त लागली. १९९७ मध्ये इझाबेल दुश गिमारांइश सा यांनी साऱ्या साम्राज्याचा पट घेऊन मांडले की दान ही सत्तेची भाषा होती. गरिबाला देणारा श्रीमंत त्या देण्यातून आपले स्थान पक्के करतो. गोव्यात फातिमा ग्रासियस यांनी २००० मध्ये गोव्याच्या मिझेरिकॉर्दियावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याआधीच्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी इस्पितळांचा जो तपशील जमवला होता, तो इथे कामी आला.

एवढे लेखन झाले त्याला कारणही आहे. गोव्याची मिझेरिकॉर्दिया नुसती दानधर्म करत नव्हती, ती बँक होती. मलाक्क्यात किंवा मकावात पोर्तुगीज माणूस मेला तर त्याचा माल विकून आलेली रक्कम एका मिझेरिकॉर्दियाकडून दुसरीकडे फिरत शेवटी पोर्तुगालमधल्या वारसापर्यंत पोहोचवली जाई. समुद्रात जहाजे बुडत होती, डच लुटत होते, आणि तरीही लोक मृत्युपत्रात याच संस्थेचे नाव घालत होते, यातच तिची पत दिसते. सतराव्या शतकात खजिन्यात खडखडाट झाला की व्हाइसरॉयची नजर याच ठेवींवर जाई. कर्ज म्हणून उचललेला पैसा परत मिळायची शाश्वती नसे, आणि नाहीही म्हणता येत नसे. राजाचे इस्पितळ काही काळ या संघाकडे होते, काही काळ जेझुइटांकडे. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ मध्ये आजारी अवस्थेत तिथे दाखल झाला होता, आणि त्याने त्याची जी तोंडभर स्तुती लिहिली ती प्रत्येक पुस्तकात येते. फार क्वचित त्याच्या जोडीला हे लिहिलेले असते की ते इस्पितळ पोर्तुगीजांचे आणि युरोपीयांचे होते, आणि स्थानिक गरिबांची सोय वेगळ्या इस्पितळात होती. सभासदत्वाचेही तसेच. तिसवाडीच्या किंवा साष्टीच्या ख्रिस्ती माणसाला या संघाची भाकर मिळू शकत होती, त्याच्या मंडळात खुर्ची मिळणे दीर्घकाळ दुरापास्त होते. म्हणजे जिच्यावर सर्वांत जास्त लिहिले गेले, ती गोमंतकीय प्रापंचिकांची संघटना नव्हतीच. ती राज्यकर्त्यांची होती.

गोमंतकीयांच्या संघटना गावात होत्या. तिथे गोष्ट जमिनीपासून सुरू होते. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तो फोराल म्हणून ओळखला जातो. गावची जमीन सामाईक, गावकार घराण्यांचा तिच्यावर हक्क, उत्पन्नातून देऊळ, पुजारी, कलावंत, पाटबंधारे यांचा खर्च. १५४० च्या सुमारास तिसवाडीची देवळे पाडली गेली, आणि प्रश्न उभा राहिला, देवळांच्या जमिनींचे उत्पन्न कोणाला? १५४१ मध्ये सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धेचा, एक संघ मिगेल व्हाझ आणि द्योगो द बोर्बा या धर्मगुरूंच्या पुढाकाराने स्थापन झाला, आणि ते उत्पन्न त्याच्याकडे व त्याच्या विद्यालयाकडे वळवण्यात आले. पुढे हे विद्यालय जेझुइटांकडे गेले. गोव्यातल्या देशी ख्रिस्ती संघटनेच्या आरंभी असा जप्त जमिनीचा प्रश्न आहे, हे विसरून चालत नाही. त्यानंतर बार्देश आणि साष्टीत चर्चेस उभी राहिली तेव्हा गावकरीनेच, देऊळ पोसणाऱ्या त्याच उत्पन्नातून, चर्च पोसायला घेतले. देव बदलला, खर्चाचे शीर्षक बदलले, पण रक्कम ज्या हातांतून जायची ते हात पुष्कळ ठिकाणी त्याच घराण्यांचे राहिले.

गावच्या संघांवरचा मूलभूत ग्रंथ लिओपोल्दो द रोशा यांचा, १९७३ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झालेला. सोळाव्या ते विसाव्या शतकापर्यंतचा पट त्यांनी घेतला, आणि आपला अभ्यास ऐतिहासिक-कायदेशीर आहे हे शीर्षकातच सांगितले. त्यांचे ऋण मोठे आहे. कोणता संघ केव्हा मान्य झाला, बिशपचा अधिकार कुठवर, सरकारचा कुठवर, हे त्यांच्याइतके नेटके कोणी मांडले नाही. परंतु कायद्याच्या अंगाने पाहिले की सगळे संघ सारखे दिसू लागतात, कारण नियमावल्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. लिस्बनची नियमावली गोव्यात येते, गोव्याची गावात जाते, संताचे नाव तेवढे बदलते. अशा दहा नियमावल्या वाचून दहा गावांबद्दल काही कळत नाही.

कळते ते वहीतून. आणि वही ठेवायची सक्ती कुठून आली तेही पाहण्यासारखे आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये ठरवले की प्रापंचिकांच्या संघांची तपासणी बिशपने करावी आणि कारभाऱ्यांनी दरवर्षी त्याला हिशेब द्यावा. राजाच्या थेट संरक्षणाखालचे संघ मात्र यातून वगळले, आणि मिझेरिकॉर्दिया त्यांत मोडली. गावच्या कॉन्फ्रारियाला ती सूट नव्हती. त्यामुळे तिच्या पेटीला तीन किल्ल्या, तीन वेगवेगळ्या हातांत. तिच्या वहीत एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि शेवटी तपासणीला आलेल्याचा शेरा. अशा वहीचे पान उलगडले की गाव समोर येते. जमेला प्रवेश-फी, नारळाच्या बागेचे भाडे, शेताचा खंड, कर्जावरचे व्याज आणि गेल्या सालची थकबाकी. खर्चाला मेण, दिव्याचे तेल, वेदीवरच्या कापडांची धुलाई, प्रवचनकाराचे मानधन, वाजंत्री, दारूकाम, मृतांसाठीच्या मिस्सा, कोर्टकचेरी. तपासणीस दारूकामावर आणि जेवणावळींवर नाक मुरडतो, पुढच्या वर्षी दारूकाम पुन्हा आहेच. यातला कोर्टकचेरीचा खर्च मला सर्वांत बोलका वाटतो. ज्या वर्षी तो फुगतो त्या वर्षी गावात काहीतरी घडले आहे, आणि ते काय हे शोधायला दुसऱ्या दप्तराचा पत्ता त्याच नोंदीतून मिळतो.

व्याजाच्या नोंदी दुसरी गोष्ट सांगतात. कॉन्फ्रारिया गावात पैसे लावत होती. शेतकऱ्याला बियाणासाठी, मुलीच्या लग्नासाठी, आणि प्रसंगी खुद्द गावकरीला करभरणीसाठी. तेओतोनियो द सोझा यांनी 'मेडीव्हल गोवा' या १९७९ च्या ग्रंथात गावांची अर्थव्यवस्था उलगडली, कर्जाचा फास कसा आवळत गेला ते दाखवले, आणि त्यामुळे चर्चसंस्थांच्या पैशाकडे पाहायची नजर बदलली. गावकरी चर्चला देते, आणि अडली की तेथूनच उसने घेते. हेच हिंदू देवस्थानेही करत होती. पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये महाजनीचे नियम केले. महाजन कोण, मंडळ किती जणांचे, निवडणूक केव्हा, पेटीच्या किल्ल्या कोणाकडे, अंदाजपत्रक कोणापुढे ठेवायचे. तालुक्याचा जो आदमिनिस्त्रादोर, म्हणजे प्रशासक, महाजनीचा हिशेब तपासत होता, त्याच्याच कचेरीत कॉन्फ्रारियांचेही कागद जात होते. दोन धर्मांच्या प्रापंचिक संघटना एकाच साच्यात आणि एकाच टेबलावर आल्या होत्या, आणि तरीही अभ्यासकांनी त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. मंगेशीचा अभ्यास करणारा मडगावच्या चर्चची वही उघडत नाही, आणि उलटही नाही. ही कपाटे फोडणे हेच पुढचे काम आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जड आहे. ही सगळी मांडणी जुन्या सवयीची आहे, असे कोणी म्हणेल. गोव्याचा ख्रिस्ती माणूस आतून हिंदूच राहिला, जात टिकली, देवळाचे मान चर्चमध्ये गेले, असे सांगितले की इथल्या वाचकाला बरे वाटते आणि पोर्तुगीज अभ्यासकालाही. पण वगळणूक, मानपान, रांगेत पुढे कोण यावरून भांडण, हे युरोपातल्या संघांतही होतेच. लिस्बनच्या मिझेरिकॉर्दियात सरदार आणि कारागीर वेगळे होते, रक्तशुद्धीची चौकशी होती, रोझरीचे काळ्यांचे वेगळे संघ होते. मग जातवार कॉन्फ्रारिया हा हिंदू अवशेष कसा? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. गोव्यात दोन वगळणुकी भेटल्या. पोर्तुगालहून दर्जा आणि रक्त आले, गावात गावकार आणि बिगरगावकार होतेच. या दोन्ही व्यवस्थांना एकमेकींची भाषा कळली म्हणून इतकी टिकाऊ संस्था तयार झाली. आंजेला बारेतो झाव्हिएर यांनी २००८ च्या 'आ इन्व्हेन्सांव द गोवा' या ग्रंथात स्थानिक वरिष्ठांनी पोर्तुगीज चौकटीचा वापर करून आपले स्थान कसे राखले ते दाखवले आहे, ते याच दिशेचे आहे. पोर्तुगालचा सत्ताधारी मंत्री पोंबाल याने १७६१ मध्ये आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा देणारा हुकूम काढला. गावच्या संघांतले जातींचे वाटप त्यानंतरही विसाव्या शतकापर्यंत चालले. रक्तशुद्धी कागदावरून गेली, जात राहिली, कारण तिला हुकुमाची गरजच नव्हती. फेस्ताचा प्रेझेंत, म्हणजे यजमान, कोण होणार हे ठरवणाऱ्या यादीत ती बसलेली होती.

मानववंशशास्त्रज्ञांनी या बाजूवर चांगला प्रकाश टाकला. रोवेना रॉबिन्सन यांचे दक्षिण गोव्यातल्या एका गावावरचे १९९८ चे पुस्तक कॉन्फ्रारिया, फेस्त, अंत्यविधी आणि जात यांची सांगड जितकी बारकाईने घालते तितकी आधी कोणी घातली नव्हती. पण शास्त्राच्या रीतीप्रमाणे त्यांनी गावाला टोपणनाव दिले. माणसांच्या खासगीपणासाठी ते योग्य असेल. इतिहासाच्या अभ्यासकाचा मात्र रस्ता बंद होतो. त्या गावच्या वह्या कोणत्या, दावे कोणते, गावकरीचे ठराव कोणते, हे जुळवताच येत नाही. १९९० च्या दशकात दिसलेली परिस्थिती १८९० मध्ये कशी होती हे मग तर्कावर सोडावे लागते. आणि जात या प्रश्नावर तर्क फार स्वस्त असतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. पैशाचा हिशेब म्हणजे धर्म नव्हे. मेणाचे वजन मोजून भक्ती कशी मोजणार? चर्चमधल्या मंडळींना हा आक्षेप फार जवळचा आहे, म्हणूनच सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत धर्मगुरूंची छायाचित्रे असतात आणि ताळेबंद नसतो. पण मोजून पाहा. ज्या संघाचा सर्वांत मोठा नियमित खर्च मृत सभासदांसाठीच्या मिस्सांवर होतो, त्याने आपल्याला काय वाटते ते स्पष्ट सांगितलेले आहे. शुद्धिस्थानात अडकलेल्या आत्म्याला जिवंतांची मदत पोहोचते, ही त्याची श्रद्धा, आणि त्यासाठी तो शेताचे उत्पन्न कायमचे लावून ठेवतो. कोणत्या दशकात मिस्सांचा खर्च घटून वाजंत्रीचा वाढला, कोणत्या संताच्या नावे देणग्या येऊ लागल्या, हे प्रवचनांतून कळणार नाही, कारण प्रवचन दरवर्षी तेच सांगते. वहीत श्रद्धा ऐपतीच्या आणि अडचणीच्या माणसाच्या रूपात येते. आदर्श भक्त तिथे नसतो.

तिसरा आक्षेप पुराव्याचाच आहे. तपासणीसाला दाखवायला लिहिलेली वही खरी किती? आणि तिच्यात कोण नाही? बायका नाहीत, कूळ-मुंडकार नाहीत, घरात राबणारे गुलाम नाहीत. हे बरोबर आहे, आणि अर्धेच बरोबर आहे. हिशेब सजवलेला असला तरी थकबाकीदारांची यादी सहसा सजवली जात नाही. ती वसूल करायची असते. त्या यादीत विधवा येतात, धाकटे भाऊ येतात, मुंबईला गेलेले लोक येतात. अनाथ मुलींच्या हुंड्याच्या नोंदींत बायका येतात. तिमथी कोट्स यांनी २००१ च्या ग्रंथात पोर्तुगालहून पाठवलेल्या अनाथ मुली आणि गुन्हेगार यांचा माग काढला, आणि गोव्यात मिझेरिकॉर्दिया चालवत असलेल्या स्त्रियांच्या आश्रमगृहांची कहाणी त्यातून दिसते. दया आणि कोंडणे तिथे एकाच छपराखाली नांदत होते. तपासणीसाच्या शेऱ्यांबाबत मात्र सावध राहावे. 'पुढे असे करू नये' असा हुकूम पाच वेळा आला, की लोक ऐकत नव्हते असा निष्कर्ष सगळे काढतात. तो कधी खरा असतो. कधी कारकुनाने मागचा शेरा नुसता उतरवलेला असतो. खर्चाच्या बाजूशी ताडल्याशिवाय बोलू नये.

आता कागद कुठे आहेत ते पाहू, कारण अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ चे, द्योगो दु कोउतो हा त्याचा पहिला रखवालदार. १७५९ मध्ये जेझुइटांना धरले, १८३५ मध्ये सर्व पुरुष मठ बंद झाले, तेव्हा त्यांचे कागद सरकारच्या ताब्यात आले. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपले आणि त्याचे गोव्यातले दप्तर बहुतांशी नष्ट झाले. कॉन्फ्रारिया मात्र प्रापंचिकांच्या असल्याने मठबंदीच्या लाटेतून वाचल्या. त्यांचे कागद चर्चच्या सामानखोलीतच राहिले, काही पणजीला आर्चबिशपच्या दप्तरात गेले, काही तालुक्याच्या कचेरीतून पुराभिलेखागारात आले. छापील साधनांत कुन्हा रिवारा यांचा एकोणिसाव्या शतकातला 'आर्किवो पोर्तुगेझ-ओरिएंताल', सिल्व्हा रेगो यांचे बारा खंड आणि जोझेफ विकी यांच्या 'डॉक्युमेंटा इंडिका'चे अठरा खंड आहेत. पण शेवटचे दोन्ही संग्रह मिशनऱ्यांच्या नजरेतून जमवलेले. त्यांत गावचा तेझरेर म्हणजे खजिनदार फारसा बोलत नाही. पुराभिलेखागाराचा वाटाड्या १९५५ मध्ये लिहिणारे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीजही वाचत होते आणि मोडीही. गावकरीचे जुने कागद मोडी आणि गोयकानडी लिपीत, चर्चचे पोर्तुगीजमध्ये. एकाच गावची एकाच सालची दोन पाने दोन माणसांनी वाचायची, आणि त्या दोघांची भेट होत नाही, अशी आजची अवस्था आहे.

ही कथा मांडवीपाशी थांबत नाही. मुंबईत १७९४ नंतर पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाचा धर्माश्रय) आणि प्रोपागांडा (रोमचे मिशन खाते) अशी दुहेरी सत्ता आली, तेव्हा कोणत्या बिशपला मानायचे हे ठरवण्यात चर्चच्या निधीचे प्रापंचिक कारभारी पुढे होते. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकलमध्ये बिशप हार्टमान कित्येक दिवस अडकून बसले, त्या प्रसंगाकडे चर्चचे इतिहासकार बिशपांचे भांडण म्हणून पाहतात. चर्चची मालमत्ता कोणाची, हा प्रापंचिकांचा प्रश्नही त्याच्या मुळाशी होता. आणि धोबीतलावच्या कुडांचे काय? एकोणिसाव्या शतकापासून गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपली खोली घेतली. भिंतीला लागून खलाशांच्या आणि आचाऱ्यांच्या पेट्या, समोर गावच्या संताची वेदी, रात्री सक्तीची रोझरी, चुकल्यास दंड, वर्षाला फेस्त, गावच्या चर्चसाठी वर्गणी. चर्चच्या कायद्याने ही संघटना नव्हे, लॉजिंगची सोय. पण वर सांगितलेली कॉन्फ्रारियाची सगळी कामे इथे चालतात. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला, १९८३ च्या धर्मसंहितेने प्रापंचिकांना संघ स्थापन करण्याचा हक्क शब्दांत दिला. कुडाच्या मंडळींनी तो हक्क कोणी देण्याची वाट न पाहता शंभर वर्षे आधी बजावला होता. अभ्यासकाने व्याख्या मंजुरीवरून न करता कामावरून करावी, ती यासाठी.

या वह्या शोधण्याच्या आणि वाचण्याच्या कामात गोव्याच्या बाहेरच्या मराठी वाचकाचा वाटा आहे. मोडी वाचणारे तरुण महाराष्ट्रात पुन्हा तयार होत आहेत. त्यांतल्या काहींनी पोर्तुगीज शिकावी आणि पणजीची वाट धरावी. वसई-मुंबईच्या धर्मग्रामांनी आपल्या जुन्या संघांच्या वह्या रद्दीत घालण्याआधी कोणा जाणकाराला दाखवाव्यात. धोबीतलावचे कूड तर एकेक करून बंद होत आहेत. त्यांच्या ठरावांच्या, वर्गणीच्या आणि दंडाच्या वह्या आज ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत पुराभिलेखागाराला द्यावी. मूळ वही स्वतःकडेच ठेवली तरी चालेल.